पेपरातल्या बातमीत नाव चुकलं म्हणून पोरीचे गुण जात नाहीत

रविवारी रात्री साडेदहाला ताईचा फोन आला. रडवेली झाली होती. भाचीच्या शाळेचा खो-खो संघ जिल्ह्यात पहिला आला, पेपरात बातमी आली आणि पोरीचं आडनाव चुकलं. एवढंच असतं तर मला, म्हणजे पेपरात काम केलेल्या बहिणीला, चार शब्द सुनावून ताई झोपली असती. पण त्याच संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर 'पेपरवाल्यांची मुजोरी मोडा' हा मेसेज येऊन पडला होता. तो मला त्याआधी तीन जणांनी पाठवला होता आणि मी तिन्ही वेळा सोडून दिला होता. ताई रडल्यावर सोडून देणं जमलं नाही.

मेसेजमध्ये पाच दावे आहेत. पेपरात नाव आलं नाही किंवा चुकलं, तर दहावीचे क्रीडा गुण, म्हणजे खेळातल्या कामगिरीचे जादा गुण, मिळत नाहीत. पैसे दिल्याशिवाय स्थानिक खेळाची बातमी लागत नाही. क्रिकेट सोडून बाकीचे खेळ मुद्दाम दाबले जातात. संपादकाकडे तक्रार केली की खेळाडू काळ्या यादीत जातो, म्हणून वार्ताहराचा नंबर सगळीकडे पसरवा आणि तो नमेपर्यंत फोन करत राहा. आणि थेट प्रेस कौन्सिलला, म्हणजे पेपरांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या संस्थेला, लिहिलं की पेपरचा परवाना रद्द होतो.

मी अकरा वर्षं एका जिल्हा आवृत्तीत क्रीडा पान लावलं. त्या पानाबद्दलचे तक्रारीचे फोनही माझ्याच टेबलावर यायचे. त्यामुळे हे सगळं मला शांतपणे वाचता येत नाही.

पहिला दावा घेऊ, कारण सगळ्यात जास्त घबराट त्याच्यामुळे आहे आणि तो धादांत खोटा आहे. क्रीडा गुणांचा प्रस्ताव शाळा तयार करते. तो जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे जातो, तिथे तपासला जातो आणि शिफारशीसह परीक्षा मंडळाकडे पोहोचतो. त्याला आधार असतो स्पर्धेच्या प्रमाणपत्राचा आणि क्रीडा कार्यालयाकडच्या नोंदींचा. या सगळ्या वाटेवर पेपरचं कात्रण कुणी मागत नाही. सरकारी नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणाचंही तेच. तिथे क्रीडा विभाग प्रमाणपत्राची वेगळी पडताळणी करतो. राज्यात बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं उघडकीला आलेली आहेत. जिथे खुद्द प्रमाणपत्रावर डोळे झाकून विश्वास ठेवत नाहीत, तिथे कात्रणाला कोण विचारतो?

तरीही हा समज किती खोल आहे ते मी पाहिलंय. एकदा दुपारी एक गृहस्थ ऑफिसात आले. हातात लॅमिनेट केलेलं कात्रण. चौकटीतली सहा ओळींची बातमी, तिच्यात मुलीच्या नावाखाली निळ्या पेनाने रेघ, आणि नाव चुकलेलं. ते म्हणाले, "मॅडम, त्याच तारखेचा पेपर एक कॉपी नीट छापून द्या. लागतील तेवढे पैसे देतो." मी म्हटलं, "दादा, मागच्या तारखेचा अंक कसा छापणार? आणि तो कुठे द्यायचाय?" तर म्हणे, "शाळेत. नाहीतर पोरीचे मार्क जातात." मी त्यांच्यासमोर शाळेच्या क्रीडा शिक्षकांना फोन लावला. सरांनी स्पष्ट सांगितलं की प्रमाणपत्र बरोबर आहे, प्रस्तावही गेलाय. गृहस्थ खुर्चीत बसले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. गावाहून दोन एसट्या बदलून आले होते, त्या दिवसाची मजुरी बुडवून. असा मेसेज लिहिणाऱ्याला हे दिसत नाही, याचा मला राग येतो.

भीती घालायचीच असेल तर खऱ्या गोष्टीची तरी घाला. प्रमाणपत्रावरचं नाव आणि जन्मतारीख शाळेच्या जनरल रजिस्टरशी जुळते का, हे प्रमाणपत्र हातात पडेल त्याच दिवशी बघा. तिथली चूक खरोखर महागात पडू शकते. ताईला मी हेच पहिल्यांदा विचारलं. तिने प्रमाणपत्र पाहिलंच नव्हतं. कात्रण मात्र चार वेळा झूम करून पाहिलं होतं. प्रमाणपत्र काढून बघितलं, नाव बरोबर निघालं.

मग पेपरात चुकतं कसं? आयोजक निकालाचा फोटो रात्री नऊनंतर पाठवतात. खेळाडूंची यादी बहुतेक वेळा इंग्रजीत असते. इंग्रजीत के-ए-एल-ई लिहिलं की ते काळे की काले, हे उपसंपादकाने कसं ओळखायचं? इंग्रजीत ळ नाही. भाचीच्या आडनावातला ळ असाच गेला. हे कारण आहे, सबब नाही. फोन करून विचारता येतं, आणि पान सोडायची वेळ झाली म्हणून मी स्वतः कितीतरी वेळा विचारलेलं नाही. पण 'मुजोरी' हा शब्द तिथे बसत नाही.

दुसरा दावा, पैशांचा. इथे मला नाइलाजाने थोडं मान्य करावं लागतं. पेड न्यूज, म्हणजे पैसे घेऊन बातमी छापणं, हा रोग आपल्याकडे आहे. २००९ च्या निवडणुकांनंतर प्रेस कौन्सिलनेच त्यावर समिती नेमली होती. स्थानिक स्पर्धेच्या बातमीत खेळाडूंपेक्षा प्रायोजकांची आणि व्यासपीठावरच्या पाहुण्यांची नावं जास्त असतात, ते तर रोज दिसतं. अंतिम सामन्याचा गुणफलक कापायचा आणि बक्षीस देणाऱ्याचं नाव ठेवायचं, असे वाद मी टेबलावर घातलेत आणि हरलेही आहे. पण शाळेच्या संघाच्या सहा ओळींसाठी आम्ही पैसे घेत नव्हतो. कुणी 'बातमी लावून देतो' म्हणून पालकांकडे पैसे मागत असेल तर त्याचं नाव-गाव लिहून थेट संपादकांना कळवा. ती तक्रार पानाबद्दलची राहत नाही, ती फसवणुकीची आहे.

क्रिकेटचं म्हणाल तर तक्रार रास्त आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताचे दोन्ही संघ जिंकले आणि दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. त्यानंतरही तालुक्याचा खो-खो पानाच्या तळाशीच राहिला. 'मुद्दाम दाबतात' एवढं मात्र खरं नाही. ज्या खेळाबद्दल वाचक पत्र लिहितात, त्याची जागा वाढते. आमच्याकडे कुस्तीच्या निकालात वजनगट छापत नाहीत म्हणून एका वस्तादांनी ओळीने पाच पोस्टकार्डं पाठवली. सहाव्याची वेळ आली नाही, वजनगट सुरू झाले.

आता चौथा दावा, आणि यातला सल्ला नुसता चुकीचा नाही, घातक आहे. तालुक्याचा वार्ताहर बहुतेक वेळा तुटपुंज्या मानधनावर काम करतो. त्याने तेरा नावं पाठवलेली असतात, जागा नाही म्हणून ऑफिसातला उपसंपादक सात कापतो. पान त्याच्या हातात नसतं, मथळा त्याचा नसतो, दुरुस्ती छापायचा अधिकारही त्याला नसतो. आमच्या एका वार्ताहराचा नंबर असाच पसरवला होता. दोन दिवस रात्री-बेरात्री शिवीगाळ, त्याच्या बायकोनेही फोन उचलले. त्याने खेळाच्या बातम्या पाठवणंच बंद केलं. पुढचं वर्षभर त्या तालुक्यातल्या एकाही शाळेचं नाव आमच्या पानावर आलं नाही. नुकसान कुणाचं झालं?

काळी यादी मी अकरा वर्षांत पाहिली नाही. तक्रार नोंदवायची वहीसुद्धा आमच्याकडे नव्हती, आणि खरा दोष तिथे आहे. फोनवर 'हो हो, बघतो' म्हणायचं, फोन ठेवला की विसरायचं. म्हणून तक्रार लेखी द्या. कुणाला द्यायची हे शोधावं लागत नाही. अंकात तळाशी बारीक अक्षरांत मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं आणि पत्ता असतो. ते छापणं कायद्याने भाग आहे.

पाचवा दावा दोन्ही बाजूंनी चूक आहे. प्रेस कौन्सिल १९७८ च्या कायद्याने चालते. त्या कायद्याचं कलम १४ वाचा. कौन्सिल पेपरला ताकीद देऊ शकते, समज देऊ शकते, ठपका ठेवू शकते. परवाना रद्द करायचा किंवा दंड करायचा अधिकार तिला नाही. आणि थेट तिथे जाताही येत नाही. १९७९ च्या चौकशी विनियमांप्रमाणे आधी संपादकाला लिहायचं, त्या पत्राची आणि उत्तर आलं असेल तर उत्तराची प्रत तक्रारीला जोडायची. दैनिकाच्या बाबतीत मुदत बातमी छापल्यापासून दोन महिन्यांची. म्हणजे 'संपादकाला लिहू नका, कौन्सिलला लिहा' हा सल्ला पाळला, तर तक्रार पहिल्याच पायरीवर अडते. उलट कौन्सिलच्याच आचारसंहितेत पालकांच्या कामाची गोष्ट आहे: चूक लक्षात आली की पेपरने स्वतःहून, लवकर आणि ठळकपणे दुरुस्ती छापावी. पत्रात याच गोष्टीचा उल्लेख करा. उपसंपादकाला ती माहीत असते.

ताईने काल रात्री माझ्यासमोर बसून पत्र लिहिलं. पहिला मसुदा दोन पानांचा होता, त्यात शाळेचा इतिहास आणि पोरीचे पहाटेचे सराव सगळं आलं होतं. तो बाजूला ठेवला. शेवटी राहिलं ते इतकं: "आपल्या रविवारच्या अंकात पान ९ वर, शालेय खो-खोच्या बातमीत, चौथ्या ओळीत माझ्या मुलीचं आडनाव चुकलं आहे. बरोबर नाव पुढीलप्रमाणे. प्रमाणपत्राची प्रत सोबत जोडली आहे. कृपया त्याच पानावर दुरुस्ती छापावी." खाली नाव, पत्ता, फोन, तारीख. नाव मराठीत, मोठ्या अक्षरांत, ळ दोनदा गिरवून.

सकाळी ऑफिसात देऊन पोच घेतली आहे. पालकांच्या ग्रुपवर तिने त्या मेसेजखाली पोचेचा फोटो टाकलाय. आतापर्यंत दोघींनी पत्राचा नमुना मागितला.