कॉम्प्युटर रात्री आपोआप सुरू होतो, तो हॅकरमुळे नव्हे

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चादर-टॉवेल कारखान्यांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘स्लीपमधला कॉम्प्युटर आपोआप सुरू झाला म्हणजे हॅकर शिरला, लगेच फॉरमॅट मारा.’ थांबा! स्लीपमध्ये रॅमला (तात्पुरत्या मेमरीला) वीज चालूच असते, आणि ड्रायव्हरने (उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रॅमने) ज्या उपकरणाला मुभा दिलीय ते कॉम्प्युटरला जागं करू शकतं. यंत्रमागाच्या हादऱ्याने माउस हलला, तरी कधीकधी तेवढं पुरतं. नेटवर्क कार्डही जागं करू शकतं; ते ठराविक पॅकेटची (नेटवर्कवरून येणाऱ्या छोट्या संदेशाची) वाट बघतं: 6 वेळा एफएफ हा कोड, मग स्वतःचा मॅक पत्ता (कार्डाचा ओळख क्रमांक) 16 वेळा. विंडोज अपडेटचा टायमरही उठवतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबवर जागं करण्याच्या परवानगीची टिक असते, ती काढा. फॉरमॅटचे पैसे (आणि टॅलीचा डेटा) वाचतील.