मलेशियात 'एकच भाषा, एकच शाळा'? साफ खोटं

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा पुन्हा तोच मजकूर आला: 'मलेशियात मलय, चिनी, तमिळ सगळी मुलं मलय शाळेतच शिकतात. दुसऱ्या भाषेच्या शाळेला सरकार छदामही देत नाही. म्हणून तिथे कधी दंगे झाले नाहीत. महाराष्ट्रातल्याही उर्दू, कन्नड, गुजराती शाळा बंद करा.' माझ्या ओळखीच्या शिक्षकांनीही तो पुढे पाठवलाय, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

सगळी मुलं मलय शाळेत? अजिबात नाही. तिथे सरकारी व्यवस्थेतच तीन प्रकारच्या प्राथमिक शाळा आहेत: मलय, चिनी आणि तमिळ माध्यमाच्या. चिनी शाळा सुमारे 1,300, तमिळ पाचशेहून जास्त. अभ्यासक्रम एकच, मलय आणि इंग्रजी सगळीकडे सक्तीची. तमिळ शाळेतली मुलंही सकाळच्या परिपाठाला 'नगाराकू' हे राष्ट्रगीत म्हणतात आणि 'रुकुन नगारा' ही प्रतिज्ञा घेतात. शिवाय चिनी शाळांत आज मलय मुलंही मोठ्या संख्येनं आहेत. मँडरिन आलं तर पुढे नोकरी-धंद्याला उपयोग होईल, म्हणून मलय आईबाप स्वतःहून त्यांना तिथे घालतात.

पैशाचं म्हणाल तर या शाळांतल्या शिक्षकांचा पगार सरकार देतं. जिथे जागा शाळेच्या मंडळाची असते, तिथे इमारतीसाठी समाजाला वर्गणी काढावी लागते आणि ती तक्रार रास्तच आहे. पण छदामही नाही, हे खोटं.

मजकुरात खरं असेल ते एवढंच: सरकारी माध्यमिक शाळा मलय माध्यमाच्या आहेत. त्याची किंमत मुलं मोजतात. तमिळ शाळेतून सहावी झालेल्या मुलाची मलय कच्ची असेल, तर त्याला 'परालिहान'चा, म्हणजे भाषा पक्की करण्याचा, एक वर्ग जास्तीचा करावा लागतो. मलय शाळेतला शेजारचा मित्र पुढच्या इयत्तेत जातो आणि हा तेरा वर्षांचा पोरगा वर्षभर मागे राहतो. चिनी समाजानं साठेक खासगी माध्यमिक शाळा चालवल्या आणि 1975 पासून स्वतःची परीक्षा घेतली. तिच्या मान्यतेचा वाद वर्षानुवर्षं चालला.

'कधी दंगे झाले नाहीत' हे वाचून तर मला रागच आला. 13 मे 1969 ला क्वालालंपूरमध्ये मलय आणि चिनी समाजांत दंगल उसळली. सरकारी आकड्यानुसारच 196 माणसं मेली. निवडणुकीचे निकाल आणि दोन समाजांतली आर्थिक दरी, ही तिची कारणं. मुलं वेगवेगळ्या शाळांत वाढतात याची काळजी तिथल्या लोकांनाही वाटते आणि ती खोटी नाही. पण म्हणून कुणी शाळांना टाळं लावलेलं नाही. राज्यघटनेचं कलम 152 मलयला राष्ट्रभाषा ठरवतं आणि त्याच कलमात इतर भाषा शिकण्या-शिकवण्याला मनाई करता येणार नाही, असंही म्हणतं. या शाळा घटनाबाह्य ठरवा म्हणून काही संघटना कोर्टात गेल्या. उच्च न्यायालयानं डिसेंबर 2021 मध्ये त्यांची मागणी फेटाळली, अपील न्यायालयानं नोव्हेंबर 2023 मध्ये तोच निकाल कायम केला.

राहिली आपल्याकडच्या शाळा बंद करण्याची मागणी. हाच न्याय कर्नाटकानं लावला तर बेळगाव-खानापुरातल्या मराठी शाळांनाही कुलूप लागेल. मजकूर पुढे पाठवणाऱ्यांनी तिथल्या एखाद्या पालकाला आधी फोन करून विचारावं.