साथीला मानवेल अशी वस्ती कशी बांधावी

साथींच्या बाबतीत पुण्याला मोठी परंपरा आहे. १८९७ चा प्लेग इथे गाजला, २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी इथलाच, आणि मार्च २०२० मध्ये राज्यातले पहिले कोरोना रुग्णही इथेच सापडले. विषाणू ओळखणारी राष्ट्रीय संस्था शहरात आहे, लस बनवणारा कारखाना हडपसरच्या बाजूला. अशा शहरात नवी वस्ती बांधताना साथीची गैरसोय होऊन कसं चालेल? म्हणून तुम्ही बिल्डर असा, सोसायटीचे चेअरमन असा किंवा आराखड्यावर सही करणारे साहेब, पुढच्या सूचना नीट वाचा.

सुरुवात दोन इमारतींमधल्या अंतरापासून. प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत सुधार ट्रस्ट स्थापन झाला आणि पुढे तिथल्या इंजिनियरांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम आणला. खोलीच्या पायापासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे रेघ ओढली, तर ती जमिनीशी ६३.५ अंशांपेक्षा जास्त कोन करता कामा नये. म्हणजे समोरची भिंत १५ मीटर उंच असेल, तर मध्ये साडेसात मीटर आकाश मोकळं. एवढ्या जागेत आणखी एक इमारत बसते, हे त्या बिचाऱ्यांच्या लक्षात आलं नाही. तुम्ही साइड मार्जिन, म्हणजे इमारतीच्या कडेची मोकळी जागा, नकाशावर दाखवा आणि जागेवर बाल्कनीत घ्या. शेजाऱ्याला वाटीभर साखर हात लांबवून देता येते, खोकलाही.

पण खरं कसब डक्टमध्ये, म्हणजे इमारतीतल्या पाइपांच्या बोळात आहे. सहा बाय चार फुटांचा, अकरा मजले उंच, खाली बंद आणि पाऊस येतो म्हणून वर पत्रा ठोकलेला. चारही बाजूंचे संडास-बाथरूम त्यातच उघडायचे आणि प्रत्येकाला दमदार एक्झॉस्ट फॅन बसवायचा. मग नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे मोरीच्या जाळीखालच्या भांड्याकडे वळा. त्यात साधारण ५० मिलिमीटर पाणी उभं असतं आणि ड्रेनेजच्या पाइपातली हवा घरात येऊ न देणारा तेवढाच एक पहारेकरी. त्याला सुकवायचं. हल्ली मोरीत बादल्या ओतत नाहीत, मॉप फिरवतात, त्यामुळे अर्धं काम आपोआप होतं. उरलेलं गुंतवणुकीसाठी घेऊन कुलूप लावलेले फ्लॅट करतात; काही आठवड्यांत ट्रॅप कोरडे. टेरेसवर शेड टाकताना आड येणारा व्हेंट पाइप, म्हणजे ड्रेनेजला हवा देणारा पाइप, कापून त्याच्या तोंडाला टोपी घाला, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या फ्लशची ओढ खालच्या ट्रॅपमधलं पाणी शोषून नेईल. आता कुणी बाथरूमचं दार लावून फॅन सुरू केला, की तो हवा पाइपातून खेचतो आणि डक्टमध्ये सोडतो. तिथून ती वरच्यांच्या खिडक्यांत. २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या संकुलात सार्सचे तीनशेहून जास्त रुग्ण निघाले, तेव्हा तपासात हीच वाट समोर आली होती. आठवड्यातून एकदा प्रत्येक जाळीत अर्धा लिटर पाणी, बंद फ्लॅटमध्ये त्यावर चमचाभर गोडेतेल, म्हणजे पाणी उडत नाही; असले फुकट उपाय कुणी सभेत मांडू लागला तर त्याला थांबवा. पार्किंगचा विषय राहून जाईल.

तळघर रिकामं ठेवू नका. सदाशिव, नारायण पेठेत त्याची अभ्यासिका होते. साठ टेबलं, मध्ये प्लायच्या भिंती, जिथे खिडकी होती तिथे फलक आणि दोन स्प्लिट एसी. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा गार करून परत खोलीत सोडतो, बाहेरची थेंबभर घेत नाही, हे स्पर्धा परीक्षेला विचारत नाहीत म्हणून कुणाला ठाऊक नसतं. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ चा सल्ला माणशी सेकंदाला १० लिटर ताज्या हवेचा. साठ जणांना ६०० लिटर, म्हणजे तासाला २,१६० घनमीटर. तेवढी हवा आली तर कार्बन डायऑक्साइड ९०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ९००) आसपास राहतो. दार उघडझाप होताना सेकंदाला शंभरेक लिटर आली तर काही तासांत आकडा ३,००० च्या पुढे. म्हणजे पोरं एकमेकांचे उच्छ्वासच पाठ करत बसलेली. एका भिंतीला हवा आत ढकलणारा पंखा, समोरच्या भिंतीला बाहेर फेकणारा आणि भिंतीवर कार्बन डायऑक्साइड मोजणारं एक यंत्र, एवढ्यात हे मोडतं. पण पंख्याच्या आवाजाने अभ्यासात व्यत्यय येतो ना.

उंच इमारतींना उगाच दोष देऊ नका. साथीला मजल्यांचं वावडं नाही, तिला एका खोलीत आठ माणसं हवीत. २०२० च्या उन्हाळ्यानंतर शहरातल्या पाच प्रभागांत रक्ततपासणी झाली, तेव्हा एकूण ५१.५ टक्के लोकांत प्रतिपिंडं सापडली. झोपड्यांमध्ये प्रमाण सर्वात जास्त, फ्लॅटमध्ये सर्वात कमी. बंगलेवाले फ्लॅटवाल्यांच्या पुढे होते, पण त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. सामायिक शौचालय वापरणाऱ्यांमध्ये ते ६२.३ टक्के, घरचं असणाऱ्यांमध्ये ४५.३. तेव्हा घरोघरी शौचालय बांधून देणाऱ्या संस्थांपासून सावध राहा. स्वच्छ भारतचं माप पुरुषांना ३५ मागे आणि बायकांना २५ मागे एक सीट असं आहे. त्यातल्या निम्म्यांना कुलूप लावलं की सकाळची रांग आपोआप दाट होते.

पाणी. २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेच्या हद्दीत आली. मिळकतकर लगेच लागू करा, जलशुद्धीकरण सावकाश येऊ द्या. जानेवारी २०२५ मध्ये नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले, काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू निघाला आणि सगळ्यांच्या नजरा तिथे पाणी पुरवणाऱ्या विहिरीकडे वळल्या. पिण्याची आणि सांडपाण्याची लाइन एकाच चरात घाला. दिवसाआड पाणी सोडलं, की मधल्या वेळात नळ रिकामा होतो आणि गळक्या जोडातून शेजारच्या लाइनचं पाणी ओढून घेतो. पाणी शुद्ध करायच्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरची पिशवी उघडी ठेवा, क्लोरीन उडून जातो आणि चुना उरतो. हजार लिटरला पाच ग्रॅम, कालवून, निवळी ओतून, अर्धा तास थांबून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरला का ही तपासणी, घ्यायची असते. शेवटच्या नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन हवा, विषाणूची भीती असेल तर ०.५. टँकरवाल्याला हे विचारणं सभ्यपणाचं नाही.

दवाखान्याचं आरक्षण उठवा. पन्नास हजार लोकांमागे एक नागरी आरोग्य केंद्र हे केंद्राचं माप आहे, केंद्राकडेच राहू दे. मैदानांचं तर लगेच बघा. २०२० मध्ये सीओईपी या इंजिनियरिंग कॉलेजच्या मैदानावर ८०० खाटांचं जम्बो रुग्णालय उभं राहिलं, कारण तिथे मैदान शिल्लक राहिलं होतं. ज्या मैदानाला दोन फाटकं, मोठी पाण्याची लाइन, ड्रेनेजचं चेंबर आणि जवळ ट्रान्सफॉर्मर असेल, ते मंगल कार्यालयाला आधी द्या.

एवढं केल्यावर साथ येईलच. मग मात्र कडक व्हा. लिफ्टमध्ये थर्माकोलला टूथपिक टोचून ठेवा. कामवाल्या मावशींना गेटवर अडवा, डिलिव्हरीवाल्याला नको. माननीयांना बोलावून रस्त्यावर हायपोक्लोराइटची फवारणी करून घ्या. जागतिक आरोग्य संघटना तिचा उपयोग नाही म्हणते, पण त्यांच्या पत्रकाला फ्लेक्सवर जागा नसते. फवारणीचा ट्रॅक्टर आत येताना गेट पूर्ण उघडावं लागतं, तेव्हा बाहेर उभ्या मावशींना थोडं बाजूला व्हायला सांगा.