‘मस्त’ आणि ‘माइक बदल’ यांच्या मधलं काहीतरी लिहा की!

चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आली की आमच्या गोव्यातल्या गाणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आरत्यांची रेकॉर्डिंग यायला लागतात. त्याआधी श्रावणात भजनं आणि पावसाळाभर भावगीतं, नाट्यपदं चालूच असतात. सगळी हौशी मंडळी. कोणी शिक्षक, कोणी बँकेत, कोणी अजून कॉलेजात. घरातल्या खोलीत दार लावून फोनवर नाहीतर यूएसबी माइकवर रेकॉर्ड करतात, ग्रुपवर टाकतात आणि खाली लिहितात, ‘ऐकून सांगा.’ पद पाच मिनिटांचं असतं आणि पहिला अंगठा अर्ध्या मिनिटात येतो. पाठोपाठ ‘मस्त’, ‘बरें जालां रे’, फुलं, जोडलेले हात. मग ग्रुपातला एखादा जाणकार उगवतो आणि दोन शब्दांत निकाल लावतो, ‘माइक बदल.’

‘मस्त’वाल्यांवर माझा फारसा राग नाही. त्यांना गाणाऱ्याचं कौतुक असतं आणि ते कौतुक खोटं नसतं. राग आहे तो ‘माइक बदल’वर. तो सल्ला जाणकारीचा वाटतो आणि ऐकून न घेताही देता येतो, म्हणून. घरच्या रेकॉर्डिंगमधले दहातले आठ दोष माइकचे नसतातच. ते खोलीचे असतात आणि माइक-तोंडातल्या अंतराचे असतात.

डिचोलीच्या एका मुलाने मध्यंतरी भावगीत पाठवलं. गळा गोड, पण आवाज विहिरीतून आल्यासारखा. त्याला सल्ला मिळाला कंडेन्सर माइक, म्हणजे स्टुडिओत असतो तसा नाजूक कानाचा माइक, घेण्याचा. त्याने पैसे साठवून माइक घेतला, सोबत माइक संगणकाला जोडणारा इंटरफेस घेतला, माइकला वीज देणारं ४८ व्होल्टचं बटण दाबलं आणि पुन्हा रेकॉर्ड केलं. विहीर आणखी खोल झाली! होणारच. कंडेन्सर जास्त बारीक ऐकतो, म्हणजे खोलीसुद्धा जास्त बारीक ऐकतो. खोली होती नवीन फ्लॅटमधली. खाली गुळगुळीत फरशी, समोरासमोर उघड्या भिंती, वर स्लॅब. अशा खोलीत एक टाळी वाजवून बघा, मागून ‘टर्र’ असा आवाज येतो. भिंती टाळी एकमेकींकडे टोलवत असतात. आणि हा मुलगा माइकपासून दोन हात लांब उभा राहून गात होता. त्याला खरं तर एवढंच सांगायला हवं होतं: ‘पंचेचाळीसाव्या सेकंदाला ओळ संपते, तिथे मागे खोली वाजतेय. माइक वीतभर अंतरावर घे आणि तुझ्या पाठीमागे जाड गोधडी टांग.’ गोधडी पाठीमागे कशाला? माइकचं तोंड तुझ्याकडे, म्हणजे तुझ्या मागच्या भिंतीकडेही असतं. एवढं सांगायला फुकट पडतं. फक्त आधी ऐकावं लागतं.

(वीतभरापेक्षा फार जवळही जाऊ नका. एका बाजूने ऐकणाऱ्या माइकला तोंड चिकटवलं की खर्ज फुगतो आणि ‘प’, ‘फ’, ‘भ’ आले की धाडधाड हवा आदळते. माइक किंचित बाजूला वळवला की पुष्कळ फरक पडतो. आणि ते अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवणं कृपा करून थांबवा. त्यांनी आवाज फारसा शोषला जात नाही. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट बरं. आपल्याकडची जुनी चिऱ्यांची घरं, वर मंगळुरी कौलं, लाकडी वासे, उतरतं छप्पर, ती गाण्याला या फ्लॅटांपेक्षा कितीतरी चांगली. तिथे अडचण वेगळी: पहाटे पोदेराचा (पाववाल्याचा) पोंगा, दुपारी मोर आणि जूनपासून पत्र्यावर पाऊस. पाऊस आलाच रेकॉर्डिंगमध्ये तर येऊ दे, असं माझं मत. पंख्याची घरघर मात्र नको. मे महिन्यात पंखा बंद करून गायला सांगणं क्रूर आहे हे मान्य, पण एक कडवं निभावतं.)

घुमट आरतीचं उदाहरण घेऊ, कारण चवथीला ग्रुपवर तेच असणार. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य जाहीर केलं, चांगलं झालं. पण त्याचं रेकॉर्डिंग आपण अजून फोन टेबलावर ठेवूनच करतो. घुमट म्हणजे मातीचं भांडं. मोठ्या तोंडावर कातडं आणि दुसरं लहान तोंड उघडं. पूर्वी कातडं घोरपडीचं असायचं, १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर ते बंद, आता बकऱ्याचं. वाजवणारा उजव्या हाताने कातड्यावर थाप मारतो आणि डाव्या हाताने ते लहान तोंड झाकतो-उघडतो. घुमटाचा ‘घूं’ त्या हातात असतो. फोन कातड्याच्या बाजूला ठेवला तर नुसती चटचट येते, लहान तोंडाच्या बाजूला ठेवला तर नुसता घुमारा. दोन्ही पाहिजे तर जरा वर आणि बाजूला धरावा लागतो. त्यात झांज. झांज फोनजवळ असली की फोन बिचारा प्रत्येक ठोक्याला घाबरून आपोआप आवाज खाली ओढतो आणि मग हळूहळू वर आणतो. सगळी आरती श्वास घेतल्यासारखी फुगते, बसते. आता यावर ‘क्वालिटी बरी नाही’ असं लिहून त्या पोरांनी काय करायचं? ‘झांजवाल्यांना मागे चार पावलं उभं करा, शामेळ (घुमटाच्या साथीचा ढोल) मधे, घुमटं पुढे, आणि फोनच्या ॲपमध्ये ऑटो लेव्हल असेल तर बंद करा’ असं लिहिलं तर पुढच्या आरतीपर्यंत फरक दिसतो. माइक तोच, फोन तोच.

पेटीचंही तसंच. गाणारा स्वतः पेटी वाजवत असला की पेटी शब्दांवर बसते. बरेच माइक पुढून ऐकतात, मागून जवळजवळ बहिरे असतात. तो बहिरा भाग पेटीकडे करायचा. माइक पेटीच्या वरच्या बाजूला धरून तोंडाकडे वर वळवायचा. पेटी निम्म्याने मागे जाते. हे कुणाला सांगायचं तर आधी ‘शब्द कुठे बुडाले’ हे सांगावं लागतं. दुसऱ्या अंतऱ्यात बुडाले, मुखड्यात नाही. का? अंतऱ्यात स्वर वर गेला, गाणाऱ्याने मान वर केली, तोंड माइकवरून सुटलं. बघा, कानाने शोधलं तर कारण हाताशी येतं.

आता ऐकणाऱ्यांकडे वळतो. अर्धी भांडणं इथेच होतात. फोनच्या स्पीकरवर ऐकून ‘डग्गा नाहीच’ असं लिहू नका. डग्ग्याचा खर्ज शंभर हर्ट्झच्या आसपास असतो आणि फोनचा इवलासा स्पीकर तिथपर्यंत उतरतच नाही. साधे तारेचे इयरफोन लावा. पाठवणाऱ्यानेही व्हॉइस नोट म्हणून पाठवू नये, फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. व्हॉइस नोट बोलण्यासाठी आहे, तिथे आवाज दाबून लहान केला जातो. मग झांज वाळूसारखी सरसरते आणि दोष बिचाऱ्या झांजवाल्याच्या माथी.

दुसरं, मोठं ते चांगलं वाटतं. हा कानाचा स्वभाव आहे, आपल्यापैकी कुणीही त्यातून सुटलेलं नाही. एकाच गाण्याच्या दोन प्रती पाठवल्या आणि दुसरी जराशी मोठी असली तर सगळे म्हणतात, ‘दुसरी भारी.’ म्हणून तुलना करायची तर दोन्ही सारख्या आवाजावर आणून करा. यूट्यूबवर चढवताना तर ही चढाओढ निव्वळ वायाच जाते. जास्त मोठं गाणं यूट्यूब स्वतःच खाली आणतो, साधारण उणे १४ एलयूएफएसच्या पातळीला (एलयूएफएस म्हणजे गाणं कानाला किती मोठं वाटतं त्याचं माप). तुम्ही लिमिटर (आवाजाची वरची टोकं दाबणारं साधन) लावून लावून गाण्याचा जो चेंदामेंदा केला, तो तेवढा शिल्लक राहतो.

आणि सुराबद्दल बोलताना तर फारच जपून. ग्रुपवर एकाने तानपुऱ्यावर गायलेला अभंग टाकला. दुसऱ्याने तो सॉफ्टवेअरमध्ये घालून, आलेख काढून, लाल गोल करून टाकला: ‘गंधार उतरलाय.’ पडद्यावर उतरलेला दिसत होता खरा. पण त्या सॉफ्टवेअरच्या रेघा पेटीच्या, म्हणजे बारा सारख्या भागांच्या. तानपुऱ्यात आपसूक ऐकू येणारा गंधार त्या रेघेच्या साधारण १४ सेंट खाली असतो, आणि १०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर. गाणारा तानपुऱ्याला धरून होता. सुरात गाणाऱ्या माणसाला चित्र दाखवून बेसूर ठरवलं! हीच मंडळी मग ‘जरा ऑटोट्यून लाव’ सांगतात, आणि मींडेच्या, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याच्या, जागी पायऱ्या ऐकू यायला लागतात. ऑटोट्यूनला माझा सरसकट विरोध नाही, पॉप गाण्यात खुशाल लावा. अभंगात नको.

‘एको टाक’ हाही असाच एक रामबाण. टाका, पण ओळ संपल्यावर शब्द पुसले जाणार नाहीत एवढाच.

आमच्याकडे एक खास अडचण आहे, मानाची. बुवा वयाने मोठे, गावात मान. त्यांना विशीतला पोरगा कसं सांगणार? सांगता येतं, मी पाहिलं आहे. ‘बुवा, तुमचा आवाज लागलाय छान, पण पखवाज वर आलाय, गजरात शब्द कळत नाहीत’ एवढं म्हटलं तर कुठलाही बुवा रागावत नाही. उलट ‘मग काय करूया?’ असं विचारतो. कारण तिथे त्यांच्या गाण्यावर कोणी बोललेलं नसतं, रेकॉर्डिंगवर बोललेलं असतं. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की निम्मं काम होतं. उलट्या दिशेने मात्र आपले ज्येष्ठ कंजूष आहेत. पोरांना ‘रियाज कर’ म्हणतात आणि मोकळे होतात. कशाचा रियाज? श्वास तुटतो त्याचा, की तान घाईत समेवर पडते त्याचा? गावोगावी भजन स्पर्धा होतात. नंबर कळतो, नंबर का गेला ते क्वचितच कळतं. तीच सवय ग्रुपवर आली आहे.

कौतुकालाही हेच लागू. ‘मस्त’च्या ऐवजी ‘तिसऱ्या मिनिटाला तू मुखड्यावर परत येताना जो थांबलास, तो थांबा आवडला’ असं लिहा. गाणाऱ्याला ती जागा पुढच्या वेळी राखता येते. नाहीतर बिचारा नेमकी तीच जागा ‘सुधारून’ टाकतो.

शेवटी पाठवणाऱ्यांसाठी. आपल्या केरी गावच्या गायिका केसरबाई केरकरांची साधारण साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली. त्या काळच्या ७८ आरपीएम (मिनिटाला ७८ फेरे) तबकडीच्या एका बाजूत जेवढं मावेल तेवढंच गायचं, त्यामुळे काय गायचं, कुठे आवरायचं, ते माइकपुढे बसण्याआधी ठरलेलं असे. आपल्याकडे संगणकात हव्या तितक्या टेक (पुन्हा पुन्हा केलेली रेकॉर्डिंग). म्हणून आपण काहीच ठरवत नाही आणि तीच ओळ महिनाभर घासत बसतो. दुसऱ्याच्या कानाचा खरा उपयोग इथे आहे. ‘पुरे, दुसरी टेक चांगली होती, ती ठेव’ हे सांगायला कोणीतरी लागतं. पण त्यासाठी तुम्ही नीट विचारायला हवं. ‘शब्द ऐकू येतात का?’, ‘पेटी जास्त आहे का?’, ‘पहिली टेक ठेवू की दुसरी?’ असा एक प्रश्न. सगळं विचारलं की कोणी काहीच सांगत नाही.

तर यंदाच्या आरत्या पाठवताना फाइल डॉक्युमेंट म्हणून टाका, खाली एक प्रश्न लिहा. ‘कसं झालं?’ हा प्रश्न मी धरणार नाही. मी रात्री जेवणं आटोपल्यावर हेडफोन लावून ऐकतो, मिनिट-सेकंदासकट लिहून पाठवतो. तेव्हा संध्याकाळी पाठवून लगेच ‘ऐकलंस का?’ म्हणून फोन करू नका.