‘घरच्यांपासून कसलं आलंय गुपित?’ : एका जुन्या पेशंटला उत्तर

काका,

‘एक जुना पेशंट’ एवढीच सही केलीत तुम्ही. पण माझ्या सासऱ्यांच्या हातचं लाल औषध, बाटलीवर डोसाची कागदी पट्टी चिकटवलेलं, लहानपणी प्यायल्याचं लिहिलंत, त्यावरून काका म्हणायला हरकत नसावी.

आमच्या दवाखान्यात घरातल्या सगळ्यांची मिळून एकच फाइल ठेवायची जुनी पद्धत मी, डॉक्टर म्हणून, का मोडली ते सांगणाऱ्या ‘एका घराची एक फाइल आता बंद’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया लांब आहे आणि चांगलीच झोंबणारी आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी सार सांगते. तुमचं म्हणणं, घरच्या माणसांपासून कसली गुपितं? सुनेच्या तपासणीचे पैसे सासऱ्याने भरायचे आणि रिपोर्ट मागितला तर ‘तिलाच पाठवा’ ऐकून घ्यायचं, हा कुठला न्याय? डिजिटल माहितीच्या ज्या नव्या कायद्याचा मी धाक घातला तो कागदाच्या केसपेपरला लागतच नाही. लग्न जुळवताना डॉक्टरने तोंड मिटून बसणं म्हणजे समोरच्या घराची फसवणूक, आणि याला सुप्रीम कोर्टाचाही आधार आहे. आणि शेवटच्या दोन ओळींत: गुप्ततेवर प्रवचन देताना मीच एका पेशंटची गोष्ट सांगितली, आणि गावातल्या चार जणांनी ती बाई ओळखली.

या शेवटच्या दोन ओळींपासून सुरुवात करते, कारण तिथे मला बाजूच नाही.

तो परिच्छेद मी काढून टाकलाय. त्यात नाव नव्हतं, गाव नव्हतं, आजारही अर्धाच सांगितला होता. मला वाटलं झालं, ओळख लपली. पण साधारण वय होतं, घरचा धंदा होता, आणि ती कुठल्या सणाच्या तोंडावर आली तेही होतं. पुण्या-मुंबईत एवढ्यावर कुणी सापडणार नाही. जिथे बाजारपेठ एक आणि लेडी डॉक्टर दोन, तिथे एवढं सांगणं म्हणजे पत्ताच लिहिल्यासारखं. आणि तो सण मी कशासाठी घातला होता? गोष्ट जरा रंगावी म्हणून. लाज वाटते हे लिहिताना. फोन करून माफी मागावी तर फोन घरात कोण उचलेल याची खात्री नाही. ती समोर भेटली तेव्हा बोलले. कधी भेटली आणि ती काय म्हणाली, ते इथे येणार नाही. तुमच्याकडे त्या लेखाचा स्क्रीनशॉट असेल तर तेवढा पुसा, आणि कुणाला पुढे पाठवला असेल तर त्यांनाही सांगा.

आता सुनेच्या रिपोर्टचं. तुम्ही लिहिलेलं घर, ती सून, तो रिपोर्ट, यातलं माझ्या दवाखान्यात काही घडलं का, यावर मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. हा उद्धटपणा वाटेल. पण अमकी माझ्याकडे येते, एवढं सांगणं हीसुद्धा तिची माहिती बाहेर काढणंच झालं. तुम्ही कोण असाल याचा अंदाज मला आलाय, तोही माझ्यापाशीच राहील. तुम्हाला तुमची बाजू चारचौघांत मांडता येते, मला माझी मांडता येत नाही. डॉक्टर झाल्यावर हे धरूनच चालायचं.

तेव्हा कुठल्याही घराबद्दल बोलू. पैसे कुणी भरले त्यावरून रिपोर्ट कुणाचा ते ठरत नाही. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत दोन्ही गोष्टी आहेत. पेशंटचं गुपित डॉक्टरने फोडायचं नाही, आणि पेशंटने, किंवा त्याने ज्याला अधिकार दिला त्या माणसाने, कागद मागितले तर ७२ तासांच्या आत द्यायचे. म्हणजे ‘मिळणार नाही’ असं मी कुणाला म्हणूच शकत नाही. सून स्वतः आली तर तिच्या हातात. ‘सासऱ्यांकडे द्या’ असं तिने लिहून दिलं तर सासऱ्यांच्या हातात. चार ओळींची चिठ्ठी लागते. जिथे ती चिठ्ठी आणायला जड जातं, तिथे रिपोर्ट मला आणखीच सांभाळून ठेवावासा वाटतो.

तुमचा खरा राग त्या फाइलवर आहे, हे मला कळतं. सासऱ्यांनी दवाखाना काढला तेव्हापासून एका घराची एक खाकी फाइल असायची. वर आडनाव आणि वाडी. आत आजोबांच्या दम्यापासून नातवाच्या गोवरापर्यंत सगळं एकाखाली एक. त्यांना नुसती फाइल हातात घेतली की घर दिसायचं. एकाला टीबी निघाला की त्या घरात अजून कोण खोकतंय ते लगेच कळायचं. आईला साखर, मावशीला साखर, मग मुलीची बाळंतपणात आधीच तपासायची. ही फाइल मोडून माणशी एक कागद केला तेव्हा मी काहीतरी गमावलं, हे तुमचं म्हणणं सोळा आणे खरं. आता प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात घरातल्या इतरांचे नंबर लिहिते आणि गरज पडली की काढून बघते. पण ते त्या खाकी फाइलसारखं नाही. वेळ लागतो, आणि गर्दीच्या दिवशी राहूनही जातं.

तरी मोडली, कारण ती फाइल हिंडायची. कंपाउंडर ती काढून पेशंटच्याच हातात द्यायचा आणि पेशंट बाकावर अर्धा-पाऊण तास नंबरची वाट बघत बसायचा. ताप आलेला नवरा एवढा वेळ काय करणार? पानं उलटणार. त्याच पानांवर बायकोचं पांढरं जाणं, पाळी चुकल्याची तारीख, माहेरी असताना घेतलेलं औषध. सासऱ्यांच्या काळात लिखाण इंग्रजीत आणि अक्षर डॉक्टरचं, म्हणून ते खपून गेलं. आज त्याच बाकावरचा पोरगा मोबाइलवर फोटो काढतो आणि दोन मिनिटांत अर्थ लावतो.

आणि फाइल तरी कुठे एकटी होती? दवाखाना म्हणजे दोन खोल्या, मध्ये पडदा. पडद्याच्या अलीकडे मी विचारते, पलीकडे सहाजण ऐकतात. काउंटरवर ‘कशासाठी आलाय?’ असं मोठ्यानं विचारायची जुनी सवय, आणि बाई गप्प राहिली की आणखी मोठ्यानं. ते बंद करायला मला दोन वर्षं लागली. अजूनही बाजाराच्या दिवशी सुटतंच तोंडातून. त्या बाबतीत तुम्ही मारलेला टोमणा मान्य.

रद्दीची गोष्ट मागच्या लेखात लिहायची राहिली होती. आमच्याकडचे जुने केसपेपर एका दिवाळीत माळ्यावरून काढून रद्दीवाल्याला दिले गेले. पुढे कधीतरी कंपाउंडर चहाबरोबर भजी घेऊन आला, त्याच्या पुडीवर सासऱ्यांचं अक्षर. वर पेशंटचं नाव, खाली ‘मलमूत्र तपासणी’. तो हसला, मीही हसले आणि मग भजी काही घशाखाली उतरेना. तेव्हापासून जुने कागद बादलीत भिजवून लगदा करून टाकतो. मशीन घ्यायची ऐपत आहे, पण लाइट नसताना बादलीच चालते.

सगळ्यात जास्त गळती मात्र फोन नंबरात आहे. केसपेपरवर बाईच्या नावापुढे जो नंबर असतो तो बहुतेक वेळा तिचा नसतो. नवऱ्याचा, दिराचा, कॉलेजला जाणाऱ्या मुलाचा. लॅब त्या नंबरावर पीडीएफ पाठवून मोकळी होते. दिवस गेलेत की नाही हे बाईच्या आधी दिराला कळतं, आणि यात कुणी चोरी केलेली नसते. म्हणून हल्ली आम्ही नंबर घेताना एक प्रश्न वाढवलाय: ‘या नंबरवर रिपोर्ट आला तर कोण बघेल?’ बायका क्षणभर थांबतात. मग बऱ्याच जणी सांगतात, ‘पाठवू नका, मी येते.’ तसं कागदावर लाल पेनाने लिहून ठेवतो. तुम्ही विचारता, सुनेला सासऱ्यापासून काय लपवायचंय? मला ते माहीत नसतं, आणि मी विचारतही नाही.

कायद्याबाबत तुमची दुरुस्ती बरोबर आहे. मी घाईत लिहिलं होतं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि दवाखान्यांवर येणाऱ्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर दीड वर्षाने लागू व्हायच्या आहेत. कपाटातला निव्वळ कागद त्यात येत नाही. पण तोच कागद स्कॅन केला, कॉम्प्युटरवर चढवला, की येतो. मी स्पेशालिस्टला केसपेपरचा फोटो पाठवते तेव्हा काय, हे तुम्हीच सांगा. अडीचशे कोटींच्या दंडावर तुम्ही हसलात, की या दवाखान्याची किंमत अडीच लाख तरी भरेल का. हसण्यासारखं आहेच. ती वरची मर्यादा आहे, आणि माहिती नीट सांभाळली नाही तर, यासाठीची. पण मी काही त्या दंडाला भिऊन फाइल मोडली नाही. कागदाची गुप्तता कॉम्प्युटरच्या आधीपासूनची आहे. गर्भपाताच्या संमतीचा कागद पाकिटात घालून, सील करून, वर ‘गुप्त’ लिहून ठेवायचा, हे २००३ च्या नियमांत आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर त्या बाईचं नाव बाहेर काढणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. एचआयव्हीचा २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. मानसिक आजारांचा आहे, तोही २०१७ चा.

जिथे सांगायलाच हवं तिथे मी सांगते, तेही ऐका. टीबी निघाला की सरकारला कळवावंच लागतं, २०१२ पासून, खासगी डॉक्टरलासुद्धा. ‘निक्षय’ पोर्टलवर नाव जातं. मग घरी आशाताई येतात आणि गल्लीला कळतं ते त्यांच्या येण्यावरून. त्यावर माझ्याकडे उपाय नाही. पेशंटला आधी सांगते की कोण येणार आहे आणि कशासाठी, आणि घरी नको असेल तर दवाखान्यात भेट घडवून आणते. समोरच्या मेडिकलवाल्यालाही टीबीच्या गोळ्या वेगळ्या रजिस्टरमध्ये पेशंटच्या नावानिशी नोंदवाव्या लागतात. तो नियम वाईट नाही, पण ते रजिस्टर काउंटरवर उघडं पडलेलं असतं. मी त्याला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा त्याने ड्रॉवरमध्ये ठेवलं.

अठराच्या आतली मुलगी दिवस राहिलेल्या अवस्थेत आली तर पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. याच भीतीने आया मुलींना डॉक्टरकडे न आणता कुठेतरी भलतीकडे नेतात. सुप्रीम कोर्टाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सांगितलं, की मुलीची आणि पालकांची तशी विनंती असेल तर गर्भपात करणाऱ्या डॉक्टरने कळवताना तिची ओळख उघड करायची गरज नाही. हा निकाल आमच्या भागातल्या किती आयांना ठाऊक आहे? या उत्तरातलं दुसरं काही पसरवू नका, पण एवढं जरूर पसरवा.

आता स्थळांचं. तुम्ही लिहिलंत, ‘पूर्वी डॉक्टरांना विचारूनच सोयरिकी व्हायच्या.’ व्हायच्या, मला माहीत आहे. अजूनही येतात. बीपी दाखवायला म्हणून बसतात, पट्टा सोडेपर्यंत हवापाण्याच्या गप्पा, आणि उठता उठता: ‘अमक्यांची मुलगी तुमच्याकडेच येते ना? फिट-बिट काही नाही ना?’ सासरे हसून विषय बदलायचे. लोकांना वाटायचं, डॉक्टरांनी बरोबर सुचवलं. हसले म्हणजे काही नाही, गंभीर झाले म्हणजे आहे! त्यांच्या चेहऱ्यावरून किती सोयरिकी मोडल्या असतील, देव जाणे. म्हणून मी चेहरासुद्धा ठेवत नाही. सगळ्यांना एकच वाक्य: ‘मी कुणाच्याच प्रकृतीबद्दल बोलत नाही, तुमच्याही.’ शेवटचा शब्द ऐकला की विचारणारा जरा निवांत होतो.

१९९८ च्या ज्या निकालाचा दाखला तुम्ही दिलात तो एचआयव्हीचा होता. ठरलेली एक वधू, तिच्या जिवाला असलेला धोका, आणि म्हणून रुग्णालयाने गुप्तता मोडली यात चूक नाही, असं कोर्टाने धरलं. त्याच निकालात अशा माणसाच्या लग्नाच्या हक्काबद्दल जे लिहिलं होतं, ते कोर्टानेच २००२ मध्ये बाजूला ठेवलं. त्यावरून कोड, फिट, एकदा झालेली पिशवीची शस्त्रक्रिया, हे सगळं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची मुभा निघत नाही. फिट तर हिंदू विवाह कायद्यातूनही १९९९ मध्येच वगळली गेली. मुलीने स्वतः सांगावं असं मला वाटतं, आणि खोलीत एकटी असते तेव्हा तसं तिला सांगतेही. पुढचा निर्णय तिचा.

कॉम्प्युटरबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, हे बरं केलंत. काउंटरवरच्या मशीनचा पासवर्ड बरेच महिने स्क्रीनला चिकटवलेल्या चिठ्ठीवर होता. मागच्या महिन्यात काढला.

राहिली तुमच्या जुन्या कागदांची मागणी. ती रास्त आहे आणि मी आनंदाने देईन. पण अडचण अशी, की तुमचं सगळं त्या खाकी फाइलमध्ये आहे आणि एकेका पानावर तुमच्या नोंदीच्या वर-खाली घरातल्या इतरांच्या नोंदी आहेत. त्या झाकून झेरॉक्स काढायची म्हणजे एक दुपार जाईल. मंगळवार सोडून कधीही या. काउंटरवर टोपणनाव चालणार नाही, खरं नाव सांगावं लागेल. मात्र हळू सांगा, बाकावर लोक असतात.