बंदुकीची कंपनी विकली गेली? अभिनंदन!

तुम्ही टेक्सासात राहता, ऑफिसातल्या मंडळींच्या नादाने हरणाच्या सीझनसाठी रायफल घेतली आहे, आणि एके दिवशी बातमी येते की कंपनीला नवे मालक मिळाले. घाबरू नका, पेढे वाटा. पत्रकात लिहिलेलंच असतं: वारसा तोच, कारागिरी तीच, ग्राहक म्हणजे आमचं दैवत. त्या ग्राहकांत तुम्ही मोडत नाही, एवढंच लिहायचं राहून जातं.

मला हे ज्ञान ऐन नोव्हेंबरच्या तोंडावर झालं. रिकामं काडतूस नळीतच अडकून बसायला लागलं म्हणून कंपनीला फोन केला. (नाव लिहीत नाही. तसंही ते नाव हल्ली नक्की कोणाचं, हाच तर वाद आहे.) तेव्हा माझ्यासारख्यांसाठी हे पाच सल्ले.

वॉरंटी कार्ड लॅमिनेट करून देवघरात ठेवा. निदान उदबत्तीचा वास तरी लागेल.

बंदूक बिघडायचीच असेल तर तिला मालक बदलायच्या आधी बिघडायला सांगा.

सीरियल नंबर तोंडपाठ करा. हा सल्ला सगळ्यात महत्त्वाचा. अर्धा तास पियानो ऐकवल्यावर पलीकडचा मुलगा आधी नंबरच मागतो, आणि मग अतिशय गोड आवाजात सांगतो, "सर, ही आमची नाही." अरे बाबा, नळीवर नाव तुमचं, शिक्का तुमचा, वेबसाइटवर दाढीवाल्या संस्थापकाचा जुनापुराणा फोटो तुमचा. माझी रायफल तेवढी तुमची नाही! दिवाळखोरीच्या कायद्यातलं कलम 363 हे यामागचं गुपित. कोर्टाच्या परवानगीने घेणारा नाव, पेटंटं, यंत्रं उचलून नेतो आणि जुनी देणी मागे उरलेल्या सांगाड्याच्या गळ्यात टाकतो. तुमची वॉरंटी? ती देण्यांत धरतात. रेमिंग्टनचं काय झालं आठवा. 1816 सालची बंदुकांची अमेरिकन कंपनी. 2007 मध्ये सेर्बेरस नावाच्या गुंतवणूकवाल्यांनी घेतली, 2018 मध्ये दिवाळखोरी, जुलै 2020 मध्ये पुन्हा दिवाळखोरी. मग लिलाव. काडतुसं व्हिस्टा कंपनीकडे, बंदुका राउंडहिल कंपनीकडे, आणि रेमिंग्टनच्या हातातला मार्लिन हा रायफलींचा ब्रँड रुगर या दुसऱ्या बंदूकवाल्या कंपनीकडे. त्यातली मार्लिन तर 1870 पासूनची. रेमिंग्टनने ती घेतली, कनेक्टिकटमधला कारखाना बंद केला, जुनी यंत्रं उचलून न्यूयॉर्क राज्यातल्या इलियनला नेली. यंत्रांचे नखरे ओळखणारे हात मात्र मागेच राहिले. पुढे जे बाहेर पडलं त्याला लोक 'रेमलिन' म्हणून नाक मुरडायचे. आता रुगर मार्लिन चांगली बनवतो, पण आधीच्या बंदुका आम्ही दुरुस्त करणार नाही, हेही त्याने सांगून टाकलं. म्हणजे 2015 ची मार्लिन घेतलेल्या माणसाने जायचं कुठे? बनवणारा बुडाला, नावाचा मालक हात वर करतो. (गंमत म्हणजे रुगर स्वतःच्या बंदुकांनाही लेखी वॉरंटी देत नाही, मॅन्युअलमध्ये तसं चक्क छापतो, आणि तरी दुरुस्तीच्या बाबतीत त्याचं नाव चांगलं आहे. कागद छापणाऱ्यांनी यातून काय ते समजावं.)

सरकारकडे दाद मागा. ग्राहकांच्या सुरक्षिततेचं फेडरल कमिशन टोस्टर बाजारातून परत मागवू शकतं; बंदुकीला हात लावायची मुभा काँग्रेसने त्याला दिलेलीच नाही.

गावातला गनस्मिथ, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा, गाठा. सुटा भाग मिळाला की तो लगेच बसवून देईल. मिळाला की.

बरं, आता थट्टा पुरे. ही गालाला टेकवून उडवायची वस्तू आहे हो, टीव्हीचा रिमोट नव्हे. रेमिंग्टन 700 आणि तिच्या भावंडांच्या चापावरून खटला झाला होता: बोट न लावता गोळी सुटते, अशी तक्रार. कंपनीने दोष मान्य केला नाही, पण सुमारे 75 लाख बंदुकांपैकी बहुतेकांचे चाप फुकट बदलून द्यायची तडजोड केली. दावे करायची मुदत एप्रिल 2020 मध्ये संपली आणि जुलैत कंपनी कोर्टात. ज्याच्या कपाटात जुना चाप तसाच राहिला, त्याने कोणाचं दार वाजवायचं? नव्या मालकांनो, लिलावात नावासाठी लाखो डॉलर मोजता, ते त्या नावावर लोकांचा भरवसा आहे म्हणूनच ना? तो भरवसा त्याच जुन्या बंदुका घेणाऱ्यांनी उभा केला. त्यांचा इतिहास जाहिरातीत मिरवायचा आणि त्यांनाच "ही आमची नाही" सांगायचं, हा निलाजरेपणा आहे. कायदेशीर असेल. तरीही निलाजरेपणाच.

आणि बंदूक घेणाऱ्यांनो, तुम्हीही कमी नाही. दुर्बीण कोणती, पट्टा कोणता, दस्ता अक्रोडाचा की प्लास्टिकचा, यावर दुकानात तासभर खल करता. बिघडली तर दुरुस्त कोण करणार, हे विचारायला जीभ का उचलत नाही? हा सीरियल नंबर नव्या मालकाच्या काळातला की आधीचा, ते काउंटरवरच विचारा, आणि उत्तर बिलावर लिहून मागा. दुकानदार "बघू नंतर" म्हणाला, तर क्रेडिट कार्ड खिशात परत घाला आणि निघा.