वीस भागांचं गणित

परवा दाजींनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. फिरत फिरत तुमच्याकडेही आला असेल. मजकूर साधारण असा: "इलेक्ट्रिक गाडीच्या मोटरमध्ये हलणारे भाग जेमतेम २०, पेट्रोल इंजिनात २०००. हलणारं काही नाही तर बिघडणार काय? मोटर गेली, ड्राइव्ह युनिट गेलं म्हणून ओरडणारे मूठभर आहेत आणि त्यांच्यामागे पेट्रोलवाल्यांचा पैसा आहे. काही झालंच तर सॉफ्टवेअर अपडेटने रातोरात दुरुस्त होतं. वर आठ वर्षांची वॉरंटी. बिनधास्त घ्या."

खाली चार अंगठे आणि दोन जोडलेले हात.

मी स्वतः चार वर्षं इलेक्ट्रिक गाडी चालवतोय आणि पुढचीही तीच घेणार आहे. म्हणजे माझ्यामागे पेट्रोलवाल्यांचा पैसा नाही, हे आधीच सांगून टाकतो. पोटापाण्याचा धंदा मात्र भोसरीत, गिअर आणि बेअरिंगचा. त्यामुळे "हलणारं काही नाही" हे वाक्य वाचून हसू आलं. दाजींना फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

आधी ते वीस आणि दोन हजार. आकडे कुणी कसे मोजले देव जाणे. दोन-तीन बेअरिंगमधल्या गोळ्या मोजायला घेतल्या तरी वीस सहज संपतात. पण भाग कमी आहेत हे खरंच, त्यावर वाद नाही. प्रश्न आहे तो उरलेल्या भागांवर काय लादलंय याचा. टेस्लाची मॉडेल एस २०१२ साली आली. तिच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध मोटर, इन्व्हर्टर आणि गिअरबॉक्स अशा तिन्ही गोष्टी एकाच जुडग्यात बसवलेल्या होत्या. यालाच ड्राइव्ह युनिट म्हणतात. मोटर मिनिटाला १६,००० फेऱ्यांपर्यंत जाते. साधं पेट्रोल इंजिन सहा-साडेसहा हजारांवरच धापा टाकायला लागतं. गिअर बदलायची भानगड नाही, एकच ठरावीक रेशो, ९.७३ ला १ (मोटरच्या ९.७३ फेऱ्यांना चाकाची एक). म्हणजे सिग्नल सुटल्यापासून हायवेपर्यंत सगळा भार त्याच दातांवर. शिवाय पाय उचलला की गाडी ब्रेकिंगमधून वीज परत घेते, तेव्हा दाबाची दिशा उलटते आणि दातांच्या दुसऱ्या बाजूवरही मार बसतो. पेट्रोल गाडीत इंजिन ब्रेकिंगने असं होतं, पण इतक्या जोराने नाही. दोन हजार माणसांचं काम वीस माणसांवर टाकलं तर भांडणं कमी होतील, पण वीसातला एक जरी आजारी पडला तरी काम ठप्प.

झालंही तसंच. मॉडेल एसच्या सुरुवातीच्या मालकांची तक्रार एकाच सुरातली होती: वेग घेताना मागून घरघर ऐकू येते, मग ती वाढत जाते, कधी पाय उचलताना 'ठक' असा आवाज. एडमंड्स या अमेरिकी वाहन-परीक्षण संस्थेने २०१३ मध्ये स्वतःच्या पैशाने मॉडेल एस घेतली आणि जवळपास दीड वर्ष वापरली. सुमारे ४८,००० किलोमीटरमध्ये तिचं ड्राइव्ह युनिट तीनदा बदलावं लागलं. पुन्हा लिहितो, तीनदा. माझ्या वडिलांनी त्यांची प्रीमियर पद्मिनी वीस वर्षं चालवली, इंजिन एकदाच उतरवलं. (तिच्याबद्दल बाकी पुष्कळ बोलता येईल, पण तो विषय वेगळा.)

त्या घरघरीमागे काय असतं? पुष्कळ कारणं असू शकतात, पण एक आमच्या धंद्यातलं आहे म्हणून थोडं थांबतो. इन्व्हर्टर बॅटरीच्या डीसी करंटचे सेकंदाला हजारो तुकडे करून मोटरला देतो. त्या खटक्यांमुळे शाफ्टवर व्होल्टेज साचतं आणि ते बाहेर पडायला वाट शोधतं. सगळ्यात सोपी वाट बेअरिंगमधून जाते. गोळी आणि रेस (गोळ्या जिच्यावर फिरतात ती कडी) यांच्यामध्ये तेलाचा जो पापुद्रा असतो तो फोडून ठिणगी जाते, आणि प्रत्येक ठिणगीला डोळ्याला न दिसणारा एक खड्डा पडतो. असे लाखो खड्डे झाले की रेसवर एकाआड एक पट्टे उमटतात, अगदी जात्याला टाकी लावल्यासारखे. मग ते बेअरिंग आवाजही जात्यासारखाच करतं. कारखान्यांतल्या व्हीएफडीवर (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) चालणाऱ्या मोटरींचा हा जुना रोग. त्यावरचे उपायही जुने: सिरॅमिकच्या गोळ्या वापरा, नाहीतर शाफ्टला अर्थिंगची रिंग बसवा. आमच्याकडे असं बेअरिंग आलं की पोरांना कापून दाखवतो, नुसतं सांगून पटत नाही. इथे मूळ दुखणं घासून झिजण्याचं नसतं, वंगणही ठिणग्यांनीच खराब होतं. हलणारे भाग वीस की दोन हजार, या हिशेबात हा रोग कुठेच बसत नाही, कारण तो विजेचा आहे.

जुन्या मॉडेल एसचं दुसरं दुखणं पाण्याचं. रोटर थंड ठेवायला कूलंट शाफ्टच्या आतून फिरवलं जातं. ते अडवणारं सील झिजलं की कूलंट हळूहळू मोटरच्या आत उतरतं. ज्या यंत्रात शेकडो व्होल्ट खेळतायत तिथे पाणी! एवढंसं सील, पण त्यापायी अख्खं युनिट बाहेर काढावं लागतं.

आता मेसेजचं दुसरं गृहीतक, की जे हलत नाही ते बिघडत नाही. ह्युंदाई आयोनिक ५ आणि किया ईव्ही६ यांचं उदाहरण घ्या. या गाड्यांत आयसीसीयू नावाचा एक डबा असतो. घरच्या चार्जरची वीज बॅटरीत भरणं आणि मोठ्या बॅटरीतून छोटी १२ व्होल्टची बॅटरी चार्ज ठेवणं, ही दोन्ही कामं तो करतो. त्यात हलणारा भाग शून्य. तरीही त्यातले ट्रान्झिस्टर जळायचे, १२ व्होल्टची बॅटरी उतरायची आणि गाडीची ताकद कमी होत होत ती रस्त्यात उभी राहायची. मोठ्या बॅटरीत ७० टक्के चार्ज असला तरी. हे जाणणाऱ्याला नवल वाटणार नाही, कारण गाडीतले कॉम्प्युटर, रिले, दिवे सगळे त्या छोट्या बॅटरीवरच जगतात. अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये ह्युंदाईने जवळपास ९९,००० गाड्या यासाठी परत बोलावल्या, नोव्हेंबरमध्ये पुन्हा १,४५,००० च्या वर. हे फक्त तिकडचं नाही. जून २०२४ मध्ये भारतातल्या १,७४४ आयोनिक ५ परत बोलावल्या गेल्या, जुलैमध्ये १,१३८ ईव्ही६. पुण्या-मुंबईत फिरणाऱ्या काही गाड्या त्यात असणारच.

चीनमध्येही एप्रिल २०२२ मध्ये टेस्लाने १,२७,७८५ मॉडेल ३ गाड्यांचा रिकॉल जाहीर केला. कारण, मागच्या मोटरच्या इन्व्हर्टरमधल्या सेमीकंडक्टरमध्ये कारखान्यातच राहिलेला सूक्ष्म फरक. तिथेही काही हलत नव्हतं.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकला: तक्रार करणारे विकले गेलेले. कन्झ्युमर रिपोर्ट्स या अमेरिकी ग्राहक संस्थेने ऑगस्ट २०१५ मध्ये मॉडेल एस पी८५डीला १०० पैकी १०३ गुण दिले होते. पट्टीच अपुरी पडली म्हणाले. पेट्रोलवाल्यांनी विकत घेतलेली संस्था असं वागते? आणि दोनच महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, सुमारे १,४०० मालकांची उत्तरं हातात आल्यावर त्याच संस्थेने विश्वासार्हता सरासरीपेक्षा वाईट ठरवून शिफारस काढून घेतली. त्यात ड्राइव्हट्रेनच्या तक्रारी होत्या, चार्जिंगच्या होत्या, मधल्या मोठ्या स्क्रीनच्या होत्या. शेअर त्या दिवशी आपटला. पण त्याच पाहणीत ९७ टक्के मालक म्हणाले की पुन्हा हीच गाडी घेऊ. गाडीवर जीव आहे आणि गाडी बिघडते आहे, ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाच्या तोंडून येऊ शकतात. ज्याला गाडी आवडत नाही तो ती विकून मोकळा होतो, चिकाटीने तक्रार करत बसत नाही.

आणि मूठभर म्हणजे किती? आयोनिक ५ ची चौकशी अमेरिकेच्या वाहन सुरक्षा खात्याने जून २०२३ मध्ये सुरू केली ती ३० तक्रारींवर. त्या तीस जणांपैकी बऱ्याच जणांनी लिहिलं होतं की आधी 'फट्' असा मोठा आवाज झाला आणि मग ताकद गेली. तीस अनोळखी माणसं एकाच आवाजाबद्दल लिहितात तेव्हा इंजिनिअरचे कान टवकारायला हवेत. पुढचे हजारो गाड्यांचे रिकॉल त्यानंतरचे.

आपल्याकडे तर कायद्यातच हे लिहिलंय. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आलं. दोष लोकांच्या जिवाला किंवा पर्यावरणाला घातक असेल आणि ठरावीक टक्के मालकांनी तो कळवला असेल, तर केंद्र सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर भांडून घरी आलेला माणूस या टक्केवारीत धरला जात नाही. त्याला 'विकला गेलेला' म्हणून गप्प केलं की आकडा तिथेच अडतो, आणि पुढच्या मालकाची गाडी खंबाटकीच्या बोगद्यात उभी राहते.

सॉफ्टवेअर अपडेटने सगळं दुरुस्त होतं, याला फोर्डच्या मस्टँग माक-ई एवढं चांगलं उत्तर नाही. बॅटरी आणि बाकीची गाडी यांच्यामध्ये एक मोठा कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेवर उघडझाप करणारा स्विच, असतो. सतत फास्ट चार्जिंग किंवा सतत पेडल पूर्ण दाबणं यामुळे तो तापायचा आणि त्याचे पॉइंट चिकटायचे किंवा जळायचे. (कॉन्टॅक्टर चिकटणं म्हणजे काय, हे पिंपरी-भोसरीत कुणालाही विचारा.) जून २०२२ मध्ये फोर्डने जवळपास ४९,००० गाड्यांसाठी रिकॉल काढला आणि उपाय म्हणून सॉफ्टवेअर दिलं: तापमानावर लक्ष ठेवायचं, वाढलं की ताकद कमी करायची. पण अपडेट घेतलेल्या गाड्याही बंद पडू लागल्या. मालकांनी पुन्हा लिहिलं, ऑगस्ट २०२३ मध्ये सुरक्षा खात्याने पुन्हा फाइल उघडली आणि मग फोर्डला दुसरा रिकॉल काढून तो हाय-व्होल्टेजचा जंक्शन बॉक्सच बदलून द्यावा लागला. तांबं बारीक पडत असेल तर कोडने ते जाड होत नाही. सॉफ्टवेअर फार तर भार कमी करून वेळ मारून नेतं. कधी कधी तेवढंही पुरतं, चीनमधल्या त्या मॉडेल ३ गाड्यांना आधी अपडेटच दिलं होतं. पण ज्यांचा इन्व्हर्टर खरोखर गेला त्यांना तो बदलूनच द्यावा लागतो.

वॉरंटीचं थोडक्यात. मॉडेल एसच्या ड्राइव्ह युनिटला सुरुवातीला चार वर्षं किंवा ५०,००० मैल, म्हणजे ८०,००० किलोमीटर एवढीच वॉरंटी होती. ऑगस्ट २०१४ मध्ये टेस्लाच्या इलॉन मस्क यांनी ८५ किलोवॉट-तासाच्या बॅटरीच्या गाड्यांना ती आठ वर्षं, किलोमीटरची मर्यादा नाही, अशी करून टाकली. आधी विकलेल्या गाड्यांनाही. हे औदार्य आकाशातून पडलं नाही. त्याच उन्हाळ्यात त्यांनी गुंतवणूकदारांना सांगितलं होतं की काही ठिकाणी फक्त एक शिम (फट भरणारी पातळ चकती) घालायची होती, काही ठिकाणी एका केबलचा प्रश्न होता, आणि काही युनिटं विनाकारण बदलली गेली. म्हणजे तक्रारी आल्या म्हणून तपास झाला आणि वॉरंटी वाढली. ज्या वॉरंटीच्या जिवावर मेसेज "बिनधास्त" म्हणतो, ती तशी वाढवून घेतली ती ओरडणाऱ्यांनी. आणि आठ वर्षं संपतातही. २०१३ ची गाडी २०२१ मध्येच वॉरंटीबाहेर गेली. आता कूलंट आत उतरलं तर खर्च मालकाचा. आपल्या पुस्तिकेतही बॅटरी, मोटर आणि चार्जर-कन्व्हर्टरचा डबा यांची मुदत वेगवेगळी असू शकते. आठ वर्षं नेमकी कशाला आहेत, हे बोट ठेवून वाचावं.

मेसेजमध्ये खरं काहीच नाही का? आहे. जर्मनीतल्या एडीएसी या वाहन संघटनेच्या २०२४ च्या नोंदींत दोन ते चार वर्षं जुन्या इलेक्ट्रिक गाड्यांत दर हजारी ४.२ गाड्या रस्त्यात अडल्या, पेट्रोल-डिझेलच्या १०.४. अर्ध्याहूनही कमी. पण अडलेल्यांची कारणं पाहिली तर दोन्हीकडे पहिला नंबर त्याच १२ व्होल्टच्या बॅटरीचा. आणि वाईट कामगिरीच्या गाड्यांत आयोनिक ५ चं नाव आहेच. सरासरी चांगली असताना एखादं मॉडेल नेमकं कुठे अडकतंय, ते मालकांनी सांगितल्याशिवाय कळत नाही.

दाजींनी हे सगळं ऐकून घेतलं. मग जरा गप्प राहून म्हणाले, "अरे पण मी नाशिकला एक सेकंडहँड बघून ठेवलीय, टोकन द्यायचं होतं उद्या." म्हटलं, दाजी, द्या की. फक्त आधी गाडी गंगापूर धरणाच्या बाजूच्या मोकळ्या रस्त्यावर न्या. एसी बंद, गाणी बंद, मागच्या काचा खाली. चाळीसच्या वेगावर पाय उचला, पुन्हा दाबा, असं पाच-सहा वेळा करा आणि ताईला मागे बसून ऐकायला सांगा, तिचा कान तुमच्यापेक्षा चांगला आहे. चासी नंबर देऊन रिकॉलची कामं झालीत का ते सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या. आणि १२ व्होल्टची बॅटरी कधी बदलली तेही विचारा.

"एवढं सगळं?" दाजी म्हणाले. "त्यापेक्षा तूच ये ना रविवारी."